संशोधन आणि गावांची भागीदारी : खान्देशातील तांत्रिक साहाय्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत गावकऱ्यांच्या सोबतीने संशोधन करू पाहणारे प्राध्यापक, विद्यार्थी, ग्रामपंचायती, शेतकरी गट, महिला बचत गट आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे आम्ही, हे साहाय्य देणाऱ्यांनी, येथे दिली आहेत. ज्या मुद्द्यांवर काम खरोखर अडते त्यांना अधिक जागा दिली असून बाकीची उत्तरे थोडक्यात आहेत.

तांत्रिक साहाय्य म्हणजे नेमके काय?

अभ्यासाची आखणी, नमुन्याचा आकार, प्रश्नावली, मोजमापाची उपकरणे, माहितीची साठवण, आकडेवारीचे विश्लेषण, सहभागी माणसांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीकडे करावयाचा अर्ज, करारनामा आणि अंदाजपत्रक या सर्व बाबींत जाणकाराची मदत मिळणे, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. यांतील पहिल्या पाच-सहा बाबींसाठी लोक आपणहून येतात. शेवटच्या तिन्हींसाठी मात्र काम बिघडल्यावर येतात. भागीदारी मोडते ती बहुधा सांख्यिकीच्या चुकीमुळे नव्हे, तर वह्या कोणाकडे राहतील, मानधन कोणाला आणि केव्हा मिळेल, अहवाल गावात कधी येईल या गोष्टी सुरुवातीला कोणीच स्पष्ट न केल्यामुळे. म्हणून या कोरड्या वाटणाऱ्या बाबींनाही आम्ही तांत्रिक बाबीच समजतो.

संशोधन आपल्यासाठी कोणी करून देणे, प्रबंध लिहून देणे किंवा आधीच काढलेल्या निष्कर्षाला आकडे जुळवून देणे हे मात्र साहाय्यात बसत नाही.

साहाय्य फक्त महाविद्यालयांनाच मिळते का?

नाही. ग्रामपंचायत, ग्रामसभेने नेमलेली समिती, पाणीवापर संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा नोंदणी नसलेला गटही थेट विचारणा करू शकतो. गावाने स्वतः पुढाकार घेतला असेल आणि संशोधक अजून मिळालेला नसेल, तर योग्य विभागाशी गाठ घालून देणे हाही साहाय्याचाच भाग आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे विभाग, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची या भागातील महाविद्यालये व संशोधन केंद्रे, तसेच पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्रे असे बरेच मनुष्यबळ येथेच आहे, आणि त्यासाठी दरवेळी पुण्या-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही.

आर्थिक मदत मिळते का?

नाही. निधीचा अर्ज लिहिण्यात मदत होते. निधी दिला जात नाही.

संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवावा?

दोघांनी मिळून ठरवावा, हे उत्तर सोपे आहे. ते घडवून आणणे अवघड आहे. संशोधक बहुतेक वेळा प्रश्न घेऊनच येतो, कारण त्याचा आराखडा मार्गदर्शकाने किंवा निधी देणाऱ्या संस्थेने आधीच मंजूर केलेला असतो. गावाचा प्रश्न वेगळा असू शकतो. रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या पाणीवापराचे उदाहरण घ्या. दीड बाय दीड मीटर अंतरावर लागवड केली, तर हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात आणि ठिबकवर प्रत्येक झाडाला किती पाणी जाते याचा अभ्यास करणे संशोधकाला सोयीचे असते. शेतकऱ्याला मात्र पाणीबचतीची टक्केवारी नको असते. आपल्या शिवारातील कोणत्या भागातील कूपनलिका आधी आटतात आणि पुढचे बोअर आणखी किती खोल न्यावे लागेल, हे त्याला जाणून घ्यायचे असते. हे दोन्ही प्रश्न एकाच पाण्याचे असले, तरी त्यांची मोजमापे वेगळी आहेत.

अशा वेळी आम्ही संशोधकाला आपला प्रश्न सोडायला सांगत नाही. त्याच खर्चात आणि त्याच फेऱ्यांत गावाच्या प्रश्नाची मोजमापे बसवता येतात का, हे आधी पाहतो. ठिबकचा अभ्यास करणारा विद्यार्थी ज्या शेतांत जाणारच आहे, तेथील कूपनलिकांची खोली, त्या कोणत्या वर्षी घेतल्या आणि मोटर किती फुटांवर सोडली आहे, एवढे विचारायला फारसा वेळ लागत नाही. पुष्कळदा तडजोड इतकी साधी असते. ती निघालीच नाही, तर ते काम त्या गावात करू नये, असा स्पष्ट सल्ला आम्ही देतो.

आणखी एक सूचना. गावात आधीपासून असलेली व्यवस्था पाहिल्याशिवाय नवी समिती नेमू नये. पांझरा खोऱ्यातील फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी वाटण्याची, पाटांची निगा राखण्याची आणि कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे ठरवण्याची जबाबदारी लाभधारकांनी काही शतके स्वतः सांभाळली आणि पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या अशी माणसे त्यासाठी नेमली. आज ती पद्धत बऱ्याच ठिकाणी क्षीण झाली असली, तरी पाण्याच्या वाटपाविषयी कोणाच्या शब्दाला वजन आहे हे गावाला ठाऊक असते. तो माणूस समितीच्या कागदावर नसेल, तर कागदी समिती पहिल्याच उन्हाळ्यात निकामी होते.

सरपंचांची सही असलेले पत्र म्हणजे गावाची परवानगी समजावी का?

तेवढ्याने भागत नाही. सरपंचांचे पत्र गावात येण्याची पूर्वसूचना म्हणून उपयोगी आहे. पण ज्या अभ्यासाचा संबंध सामाईक जमीन, पाणी, जंगल किंवा एखाद्या संपूर्ण समाजाच्या आरोग्याशी येतो, तो विषय ग्रामसभेपुढे मांडून त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या सुमारास ग्रामसभा होतात हे लक्षात घेऊन वेळापत्रक आखले, तर वेगळी सभा बोलावण्याची गरज पडत नाही.

अनुसूचित (आदिवासीबहुल म्हणून घोषित) क्षेत्रात अधिक काळजी घ्यावी. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा आणि नवापूर हे तालुके, तसेच शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांतील काही गावे या क्षेत्रात येतात. तेथे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू असून, वस्ती किंवा पाडा यांनाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. त्यामुळे महसुली गावाच्या ठिकाणी झालेला ठराव डोंगरातल्या पाड्याला मान्य असेलच असे गृहीत धरू नये. वनहक्क कायदा, २००६ अन्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या ठिकाणी वन व्यवस्थापनाशी निगडित अभ्यास असल्यास तेथील ग्रामसभेने नेमलेल्या समितीशीही बोलावे.

ग्रामसभेचा होकार मिळाला तरी प्रत्येक व्यक्तीची संमती वेगळी घ्यावीच लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे याविषयी स्पष्ट आहेत : समाजाच्या नेत्याची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीला पर्याय होऊ शकत नाही. सभेत सर्वांनी माना डोलावल्या आणि घरी गेल्यावर एखाद्या बाईने नकार दिला, तर तो नकार अंतिम असतो.

संमतीपत्र मराठीत असले की पुरे का?

लेखी पत्र मराठीत असावे; ते समजावून सांगणे मात्र घरात जी बोली बोलली जाते तिच्यात व्हावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत उपलब्ध असावी अशी तरतूद आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. अहिराणी, भिली, पावरी यांपैकी एकही नाही. म्हणजे कायद्याची पूर्तता होऊनही धडगावच्या पाड्यावरील आजीबाईंना आपण कशाला होकार दिला हे कळलेले नसणे अगदी शक्य आहे.

जेथे सहभागी व्यक्तीला वाचता येत नाही, तेथे संशोधनाशी संबंध नसलेला, वाचता येणारा एक साक्षीदार हजर असावा आणि अंगठ्यासोबत त्याची सही घ्यावी. आशा कार्यकर्त्या किंवा अंगणवाडी सेविका यांना साक्षीदार करण्याची सोयीस्कर पद्धत पडली आहे. त्याच सर्वेक्षणात मानधन घेऊन काम करत असतील, तर त्यांना साक्षीदार करू नये. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि समजत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

किती घरांचे सर्वेक्षण करावे लागेल?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि विचारणाऱ्याला बहुधा एक आकडा हवा असतो. पुस्तकी आकडा ३८४ किंवा ३८५ असा आहे : एखाद्या गोष्टीचे प्रमाण किती असेल याचा काहीच अंदाज नसताना, ५ टक्के फरकाची मुभा ठेवून ९५ टक्के विश्वासार्हतेने ते काढायचे असेल, तर एवढी घरे लागतात. फरकाची मुभा १० टक्के केली, तर ९७ घरे पुरतात. गाव लहान असेल तर आकडा आणखी खाली येतो. २०० घरांच्या गावात ५ टक्के मुभेसाठी १३२ घरे पुरेशी ठरतात.

गडबड होते ती अनेक गावे घेतल्यावर. एकाच गावातील घरे एकमेकांसारखी असतात. त्यांची विहीर तीच, कृषी सेवा केंद्र तेच, बियाणेही पुष्कळदा तेच. त्यामुळे एका गावातील वीस घरे म्हणजे वीस स्वतंत्र उत्तरे ठरत नाहीत. घरांमधील हे साम्य (० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ इतके अल्प धरले आणि प्रत्येक गावात २० घरे घेतली, तरी नमुना १.९५ पट करावा लागतो. ३८४ चे जवळजवळ ७५० होतात, म्हणजे २० घरांप्रमाणे ३७ ते ३८ गावे. एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला एवढे झेपणारे नसते. तेव्हा प्रत्येक गावातील घरांची संख्या कमी करून गावे वाढवावीत, अथवा प्रश्नच मर्यादित करावा. चार गावे सोयीची म्हणून निवडायची, प्रत्येकी शंभर घरे करायची आणि निष्कर्ष 'धुळे जिल्ह्यातील शेतकरी' या मथळ्याखाली मांडायचे, हे चालणार नाही.

साठ घरांच्या पाड्यावर नमुना काढत बसू नये. सगळी घरे करावीत. गाळलेली माणसे त्याचा वेगळा अर्थ लावतात.

सर्वेक्षणासाठी कोणता काळ योग्य?

हे विषयावर ठरते, परंतु खान्देशाचे वर्ष डोळ्यांसमोर ठेवले नाही तर चांगली प्रश्नावलीही चुकीची उत्तरे आणते. दिवाळीनंतर नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी अनेक कुटुंबे गुजरातकडे आणि पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. त्या महिन्यांत सातपुड्यातील पाड्यावर गेल्यास घरी वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी काही मुले भेटतात. अशा वेळी मोजलेले कुपोषणाचे किंवा उत्पन्नाचे आकडे गावात थांबू शकलेल्या कुटुंबांचे असतात, गावाचे नसतात. होळीसाठी माणसे परततात, म्हणून होळीआधी भरणारा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आणि होळीचे दिवस टाळून त्यानंतर लगेच गेलेले बरे.

मैदानी भागात कापसाच्या वेचणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे त्या आठवड्यात घरातील माणसांची यादी केली, तर काही स्त्रियांची नोंद दोन्ही घरी होण्याचा आणि काहींची कोठेच न होण्याचा संभव असतो. श्रावणात कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवात मुलाखतीची वेळ मागू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावरच काम करावे. सर्वेक्षकाच्या तब्येतीसाठी ते आवश्यक आहेच, शिवाय तापलेल्या पत्र्याखाली बसून चाळिसाव्या प्रश्नाचे उत्तर कोणी विचार करून देत नाही.

डोंगराळ भागात मोबाइलला नेटवर्क नाही. माहिती कागदावरच घ्यावी का?

तशी गरज नाही. कोबोटूलबॉक्स आणि ओडीके ही साधने नेटवर्क नसतानाही मोबाइलवर चालतात. भरलेले अर्ज फोनमध्ये साठवून नंतर पाठवता येतात. ती विनाशुल्क वापरता येतात व मराठी प्रश्नावलीही स्वीकारतात. गूगल फॉर्म मात्र नेटवर्कवाचून निरुपयोगी ठरतो. नकाशासाठी क्यूजीआयएस पुरेसे आहे. फोन रोज संध्याकाळी चार्ज होईल आणि अर्ज दिवसाच्या शेवटी दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उतरवला जाईल एवढी व्यवस्था ठेवावी. जीपीएसचा बिंदू घराच्या आत न घेता अंगणात उभे राहून घ्यावा, आणि अचूकतेचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. घराचे अचूक स्थान खरोखर लागणार नसेल, तर ते घेऊच नये.

विहिरींची पातळी, पाऊस, कीड यांच्या नोंदी गावकऱ्यांनी ठेवल्या तर त्या शास्त्रीय मानल्या जातील का?

पद्धत लिहून ठेवली आणि तीच पाळली, तर अवश्य. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तसेच केंद्रीय भूजल मंडळ आपापल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळीच घेतात. दर आठवड्याची नोंद हवी असेल, तर ती गावातील माणूसच ठेवू शकतो. तापीकाठचा रावेर-यावल-चोपड्याचा खोल गाळाचा प्रदेश आणि चाळीसगाव, पारोळा किंवा साक्रीकडील बेसाल्टचा खडक यांत पाणी मुरण्याची तऱ्हाच निराळी आहे. त्यामुळे एका तालुक्याच्या नोंदीवरून दुसऱ्याविषयी बोलता येत नाही, आणि गावोगावच्या नोंदींना मोल येते ते याचमुळे.

पद्धत अशी. विहिरीच्या कठड्यावर एक जागा ठरवून तेथे तैलरंगाने खूण करावी आणि दर वेळी त्याच खुणेपासून मोजावे. पोलादी पट्टीच्या टोकाला लहानसे वजन बांधून शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासावा. पट्टी पाण्यात सोडली की बुडालेल्या भागावरील खडू ओला होऊन गडद दिसतो आणि पाण्याची रेघ स्पष्ट वाचता येते. समजा, खुणेशी पट्टीवर १४.०० मीटर आहे, ओला भाग ०.३५ मीटर आहे आणि कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच आहे. १४.०० मधून ०.३५ वजा केले की १३.६५, आणि त्यातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीखाली १२.८५ मीटर, ही पातळी. कठड्याची उंची वजा करायची राहून जाणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक, आणि एकदा कठडा दुरुस्त करून उंच केला की जुन्या-नव्या नोंदींचा मेळ बसत नाही. म्हणून बांधकामाची तारीखही वहीत असावी.

त्याहून मोठी अडचण मोटरीची. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सात वाजता घेतलेली पातळी ही रात्रभर उपसा झाल्यानंतरची असते, तर दिवसपाळीच्या आठवड्यात त्याच वेळी विहीर भरून आलेली असते. वहीत वीजपाळीचा आणि मोटर बंद केल्याच्या वेळेचा रकाना नसेल, तर आलेखात दिसणारा चढउतार भूजलाचा नसून वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा असतो. हा रकाना सुचवणारे बहुधा शेतकरीच असतात.

किडीच्या बाबतीतही हेच लागू पडते. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे (गंधगोळीने नर पतंगांना ओढणारे) लावून सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर नियंत्रणाचे उपाय सुरू करावेत, ही शिफारस शेतकऱ्यांना परिचित आहे. मोजणी रोज सकाळी एकाच वेळी व्हावी, मोजलेले पतंग सापळ्यातून काढून टाकावेत आणि गंधगोळी बदलल्याची तारीख लिहावी. पतंग शून्य असला तरी शून्य लिहावा. रिकामी जागा आणि शून्य यांतील फरक विश्लेषणाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

गोळा झालेली माहिती कोणाची?

करारनाम्यात जे लिहिले असेल त्यानुसार, आणि काहीच लिहिले नसेल तर प्रत्यक्षात ज्याच्या लॅपटॉपमध्ये असेल त्याची. आमचा आग्रह असा की मूळ वह्यांची एक प्रत आणि नावे काढून टाकलेली आकडेवारी ग्रामपंचायतीत किंवा गटाच्या कार्यालयात राहावी, आणि ती उघडता येईल अशा साध्या तक्त्याच्या स्वरूपात असावी. ज्या सॉफ्टवेअरचा परवाना गावाकडे नाही, त्यातील फाइल दिली तर न दिल्यासारखेच आहे.

आधार क्रमांक घेऊ नये. कोणत्याही अभ्यासाला तो लागत नाही, तरीही 'पुढे कामी येईल' म्हणून प्रश्नावलीत त्याचा रकाना सर्रास ठेवलेला आढळतो.

सिकलसेलसारख्या आजाराच्या अभ्यासात काय वेगळे करावे लागते?

बरेच काही. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे तपासण्या वाढल्या आहेत. विद्राव्यता चाचणी फक्त दोषयुक्त हिमोग्लोबिन रक्तात आहे एवढेच सांगते; ती व्यक्ती वाहक (दोष असूनही आजारी नसलेली) आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या चाचणीनेच ठरते. पहिल्या चाचणीनंतर पुढची चाचणी कोठे, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने होईल हे निश्चित नसेल, तर पहिली चाचणीही करू नये. 'पॉझिटिव्ह' एवढा एक शब्द सांगून पथक निघून गेले, तर ते घर वाहकालाही रोगी समजू लागते.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे समजावून सांगणे गरजेचे आहे, पण तेच सांगणे लग्नाच्या बोलणीत मुलींच्या विरुद्ध वापरले जाते याचेही भान हवे. त्यामुळे निकाल बंद पाकिटात ज्याचा त्याला द्यावा. शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर यादी लावू नये. तीस घरांच्या पाड्यात नावे काढून टाकल्याने ओळख लपत नाही, कारण 'वय १९, स्त्री, बारावी उत्तीर्ण' एवढ्यावरून सर्वांना माणूस कळतो. असे आकडे पाड्यानुसार न देता अनेक पाड्यांचे एकत्र द्यावेत आणि पाचपेक्षा लहान संख्या तक्त्यात छापू नयेत. अशा अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता आधी लागते. नंतर घेतलेल्या मान्यतेला अर्थ नाही.

वनौषधींची पारंपरिक माहिती गोळा करायची असल्यास?

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. सुरुवात तिच्याकडून करावी. परदेशी व्यक्ती किंवा संस्था सहभागी असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. व्यापारी उपयोगाचा हेतू असेल, तर राज्य जैवविविधता मंडळाशी संबंध येतो. एखाद्या वैदूने सांगितलेले औषध निबंधात छापले की ते सर्वांना खुले होते, हे त्याला आधी सांगावे. ऐकल्यावर त्याने काही भाग स्वतःपाशी ठेवला, तर तो त्याचा अधिकार आहे.

करारनाम्यात कोणत्या गोष्टी असाव्यात?

दोन पानांपेक्षा मोठा करारनामा गावात वाचला जात नाही. कामाचा प्रश्न, कालावधी, कोणी काय करायचे, मानधन, माहितीचा ताबा, अहवाल गावात सादर करण्याची तारीख, प्रसिद्धीपूर्वी मसुदा दाखवण्याची मुदत आणि बाहेर पडण्याची रीत, एवढे पुरे. उपकरणे खरेदी होणार असतील तर ती शेवटी कोणाकडे राहतील हेही लिहावे. पर्जन्यमापक आणि पाण्यातील विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरसारख्या लहान वस्तूंवरून झालेले रुसवे मोठ्या रकमांवरून झालेल्या वादांपेक्षा अधिक टिकतात.

गावातील सहकाऱ्यांना मानधन द्यावे का? ते तर गावासाठीच काम करतात.

द्यावे. प्राध्यापकाचे वेतन चालू असते, विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती असते, वाहनचालकाला भाडे मिळते. मग दोन दिवसांची मजुरी बुडवून घरोघर फिरणाऱ्या तरुणीने तेवढी सेवा म्हणून फिरावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. परिसरातील प्रचलित मजुरीपेक्षा मानधन कमी नसावे आणि ते काम संपल्यावर एकदम न देता दर पंधरवड्याला बँक खात्यात जमा करावे. उत्तर देणाऱ्या व्यक्तीला वेळेची भरपाई देता येते. मात्र ती इतकी मोठी असू नये की केवळ तिच्यासाठी कोणी रक्त द्यायला तयार व्हावे.

निधी कोठून मिळू शकतो आणि कोणत्या अटी लक्षात ठेवाव्यात?

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वावर (सीएसआर) खर्च करावी लागते. ती घेणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी असावी लागते. केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात सहभागी शैक्षणिक संस्था गावे दत्तक घेतात, त्या मार्गानेही लहान कामे होऊ शकतात. परदेशी निधीबाबत एक गोष्ट ठळकपणे सांगणे आवश्यक आहे : २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी अभिदाय घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करू शकत नाही. त्यामुळे 'मोठी संस्था निधी आणेल आणि आपल्या गटाला वर्ग करेल' या भरवशावर आखलेले अंदाजपत्रक कागदावरच राहते.

निष्कर्ष गावाला गैरसोयीचे निघाले तर?

ते बदलले जात नाहीत. कोणाला आधी, कोणत्या शब्दांत आणि किती अवकाश देऊन सांगायचे, हे मात्र ठरवता येते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट अधिक आढळले, तर ती बाब त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीला आणि आरोग्य उपकेंद्राला कळवावी. निबंध छापून येईपर्यंत दडवून ठेवणे अक्षम्य आहे. ज्या निष्कर्षाने तातडीचा धोका सूचित होत नाही, त्यावर गावाला आपले म्हणणे मांडण्यासाठी तीस दिवसांची मुदत द्यावी आणि मतभेद उरल्यास ते म्हणणे अहवालातच छापावे.

शोधनिबंधात गावकऱ्यांचे नाव येते का?

ज्याने प्रश्न घडवण्यात, मोजमापात आणि अर्थ लावण्यात खरा वाटा उचलला त्याचे नाव लेखकांत यावे. केवळ आभारात ढकलू नये. ज्यांना नाव नको असेल त्यांचे देऊ नये.

भागीदारी मध्येच सोडता येते का?

येते, दोन्ही बाजूंना. गावाने काम थांबवले, तर तोवरच्या माहितीचे काय करायचे हे करारनाम्यानुसार ठरते; एखाद्या व्यक्तीने माघार घेतली, तर विश्लेषण होण्यापूर्वी तिची माहिती काढून टाकावी. विद्यार्थ्याची पदवी पूर्ण झाली म्हणून काम आपोआप संपत नाही. विभागाने पुढचा जबाबदार माणूस लेखी कळवावा.

साहाय्यासाठी विनंती कशी करावी?

एका पानाचे साधे पत्र पुरे आहे. कोणता प्रश्न आहे, तो कोणाला पडला आहे, आतापर्यंत काय करून पाहिले, सोबत कोण आहे आणि काम केव्हा व्हावे असे वाटते, एवढे लिहावे. जुन्या नोंदवह्या, पाणी किंवा माती तपासणीचे अहवाल, ग्रामसभेचा ठराव असल्यास त्यांच्या छायाप्रती जोडाव्यात. लिहिणे अडचणीचे असेल, तर अहिराणीत किंवा पावरीत बोललेला आवाजी संदेशही चालतो. खरीप हंगामाशी निगडित काम असेल, तर पत्र मार्चअखेर यावे, म्हणजे १ मेच्या ग्रामसभेपुढे विषय ठेवून पेरणीपूर्वी पहिले मोजमाप घेता येते. त्यानंतर आलेल्या विनंतीवर बहुधा पुढच्या हंगामासाठीच विचार होतो.